आसेगावच्या चाळीस रॅम

वाशीमच्या बस स्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. मी एखाद्या मशीनला मेलं म्हटलं की लोक ते दुसरीकडे दाखवायला नेत नाहीत, थेट भंगारात घालतात. तोंडाचा मी तिखट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक शहाणपणा शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. तरी लोक येतात, कारण जानरावभाऊ खोटं बोलत नाही. आणि मी खोटं बोलत नाहीच. त्या दिवशीही बोललो नव्हतो.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. आसेगावचे नथ्थूभाऊ मुलीला घेऊन दुकानात आले. यांची दीड एकरात वांगी, कोथिंबीर, टमाटे. माल मंगरूळपीरच्या बाजारात जातो. त्यांच्या गावच्या सेवा केंद्राचं मशीन मी बघतो, त्यावरून ओळख. मुलगी शुभांगी, बावीसची, आयटीआयला कॉम्प्युटर हार्डवेअर शिकलेली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिने ती टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रॅम काढून एकेक मांडल्या. चाळीस होत्या. अकोल्यात कुठल्या तरी बंद पडलेल्या हापिसाचा माल भंगारात निघाला होता, त्यातून सहाशेला एक अशा तिने घेतल्या होत्या.

नथ्थूभाऊंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. रिसोडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं खतांचं दुकान, माणसं चांगली. पोरगी म्हणाली, मला एक वर्ष द्या, मंगरूळपीरला दुरुस्तीचं दुकान टाकते. बाप कसला तयार होतो. पण वांग्याचे चोवीस हजार त्याने तिच्या हाती दिले आणि म्हणाला, हा माल घेऊन विकून दाखव. विकला तर वर्ष तुझं. नाही तर रविवारी रिसोडला होकार जाईल.

"मले यातलं काही समजत नाही," नथ्थूभाऊ म्हणाले. "तुमी म्हनसान ते खरं."

मी खोडरबर घेतला, एका रॅमचे सोनेरी दात घासले, साध्या मशीनमध्ये बसवली. खाच बरोबर जुळली. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. दुसरी लावली. तेच. तिसरी, चौथी, अशा बारा लावल्या. आमच्या धंद्याचा साधा नियम आहे : खाच जुळली आणि मशीन उठलं नाही, तर रॅम मेली. या नियमावर मी दोन पोरांची शिक्षणं काढली आहेत.

तेवढ्यात शुभांगी बोलली. आवाज हळू होता, पण बाप शेजारी बसलेला, आणि आणखी दोन गिऱ्हाइकं उभी. "काका, ह्या साध्या मशीनमंदी उठतच नाहीत. सर्व्हरच्या आहेत. मधात हा एक चिप जास्तीचा आहे पाहा, आन् लेबलावर आकड्याच्या मांगं आर आहे."

मी पाहिलं. चिप होता. आर होता. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. सर्व्हर मी उभ्या जन्मात उघडलेला नाही. आमच्याकडे येतात तलाठ्यांचे आणि झेरॉक्सवाल्यांचे डबे. पण काल आयटीआयमधून बाहेर पडलेली पोरगी मला माझ्याच टेबलावर अक्षरओळख शिकवणार, हे मला झोंबलं. खरं सांगतो, फार झोंबलं. मी म्हणालो, मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून कोणी मिस्त्री होत नाही. गिऱ्हाइकं हसली.

ती म्हणाली, अकोल्याला तिच्या सरांकडे सर्व्हरचा बोर्ड आहे, दोन दिवस द्या, तिथे लावून आणते. नथ्थूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना फक्त एक मान हवी होती, उभी नाही तर आडवी.

"भाडं कायले घालता, नथ्थूभाऊ," मी म्हणालो. "कचरा आहे."

वर उपकार म्हणून मी सेवादास भंगारवाल्याला बोलावलं. सोन्याच्या दातांमुळे रॅमला किलोवर भाव मिळतो. दोन किलोच्या आसपास भरल्या. मी घासाघीस करून सहा हजार काढून दिले आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. शुभांगीने पिशवीची घडी केली. मग बापाच्या मागे स्टँडकडे गेली.

महिनाभराने एका खासगी दवाखान्याचा सर्व्हर बंद पडला. नागपूरहून इंजिनिअर आला, आणि वायरी ओढायला हाताशी मला बोलावलं. त्याने डबा उघडला, जुनी रॅम काढून माझ्या हातात दिली. मधात जास्तीचा चिप. लेबलावर आर. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, रजिस्टर्ड आहे, फक्त सर्व्हरवर चालते, साध्या बोर्डावर जिवंत असली तरी मेल्यासारखीच दिसते. जुनी मिळेल का कुठे, नऊ हजारापर्यंत घेतो, यंदा रॅमचे भाव आभाळाला भिडलेत. चाळीस गुणिले नऊ हा हिशेब करायची माझी छाती झाली नाही.

तिथून थेट सेवादासकडे गेलो. माल सोनं काढायला केव्हाच तेजाबात गेला होता. एकही उरली नव्हती.

तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. बायकोने विचारलं, तिच्यावरच खेकसलो. चौथ्या दिवशी बँकेतून अठरा हजार काढले, पोरीचं तेवढं तरी नुकसान भरावं म्हणून, आणि मोटारसायकलने आसेगाव गाठलं.

अंगणात मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या. नथ्थूभाऊंनी खाट टाकली, पाहुण्यांना माझी ओळख करून दिली : हे वेळेवर सांगते झाले म्हणून आपण वाचलो. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. रॅम चांगल्या होत्या, पोरगी खरी होती, मला कळलं नाही. चुकलो. मग पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

नथ्थूभाऊंनी पाकिटात डोकावून पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पोट्टीचं मन राखासाठी एवढं कराले आले तुमी," ते म्हणाले. "तिनं पैशे बुडवले, आन् भरपाई तुमी करता?"

मी म्हणालो, अहो, खरंच चुकलो मी. ते हसले आणि पाकीट माझ्या खिशात परत कोंबलं. मी इंजिनिअरला फोन लावतो म्हणालो. त्यांनी माझा हात धरला. एक तरी रॅम असती तर दाखवली असती. चाळीसच्या चाळीस मीच उभं राहून मोजून दिल्या होत्या. मी चुकीचं बोललो तेव्हा त्या माणसाने ब्रह्मवाक्य मानलं, आणि आता घसा कोरडा करून खरं सांगतोय, तर त्याला माझा चांगुलपणा दिसत होता.

"पत्रिका आनतो," ते म्हणाले. "पयली तुमालेच."

ते आत गेले. शुभांगी चहा घेऊन दारात उभी होती. हातावर हळद नव्हती अजून, कोथिंबिरीच्या मुळांची माती होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, तू तरी सांग बापाला. तिने कप माझ्या हातात दिला.

"सांगतलं होतं ना काका, तुमच्या दुकानात," ती म्हणाली. "तवा तुमी 'मले माहीत नाही' एवढंच म्हटलं असतं, तं मी अकोल्याले गेली असती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. नथ्थूभाऊ पत्रिका घेऊन बाहेर आले, तिच्यावर माझं नाव लिहिलेलं होतं, आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली.