गोम्पाचा वळसा

दिल्लीचा मल्होत्रा आठ दिवस हिमबिबट्यासाठी स्पितीचे डोंगर पालथे घालत होता. रोज सकाळी तो गावच्या गोम्पासमोरूनच, त्या बौद्ध मठाला टाळून, आडवाटेनं सटकायचा आणि घरमालकीण पालकितआजी मागून ओरडायची, "अरे, गोम्पा उजव्या हाताला ठेवून मागून वळसा घाल की! देवाला टाळून कुठं निघालास?"

"लांब पडतं, आजी!"

नवव्या दिवशी तो हात हलवत परत निघाला. निरोपाचा लोणी-चहा ओतता ओतता आजी म्हणाली, "आजही गोम्पाच्या मागच्या भिंतीवर ऊन खात पडला होता. मी माळ ओढत शेजारून गेले, तर पठ्ठ्या हलला नाही."

"कोण?"

"बिबट्या. रोजच असतो."

मल्होत्राचा पेला हातातच राहिला. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"आठ दिवस घसा फोडून काय सांगत होते मग?"