इंदुबाईचे हात

इंदुबाईला जाऊन उद्या वर्ष होणार होतं. नैवेद्याच्या ताटात ज्वारीची भाकरी आपल्या हातची ठेवायची, असं तिच्या नवऱ्यानं, कोंडीरामनं ठरवलं होतं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबावर चढून तारा जोडल्या. भाकरी काय अवघड? म्हणून आदल्या सकाळी तो धायरीच्या फ्लॅटमध्ये सरावाला उभा राहिला.

भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. उलटायला बोटं घातली आणि हात झटक्यानं मागे आला. भाकरी ओट्याखाली. भाजल्याचं कळलं ते त्यानंतर.

"बाबा, सराटा काय पूजेला ठेवलाय?" सून उत्कर्षा म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट होती.

"तुझ्या सासूनं कधी धरला का सराटा? हातानंच उलटायची. मी म्हणायचो, हात मेलेत तुझे. तीही हसायची." त्यानं बोटं नळाखाली धरली. "पण गंमत बघ, हात मी काढलाच नाही. दुखायच्या आधी आपला आपणच निघाला."

"मज्जारज्जूनं काढला. चटक्याची खबर आधी पाठीच्या कण्यात पोचते, हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला मागाहून कळतं."

"म्हणजे लोकल कॉल!" कोंडीराम हरखला. "धायरीचा फोन धायरीतच जोडला, मुंबईला विचारत बसले नाहीत. काय एक्स्चेंज आहे गं!"

"हो, तुमच्या खात्यापेक्षा बरं चालतं."

"मग इंदूचं बंद पडलं होतं का?"

"छे! कातडी थोडी राठ झाली असेल, पण चटका बसतच होता. भाकरी पडू द्यायची नाही, असं ठरवलं की मेंदू वरून निरोप धाडतो, थांब, हात काढू नको. आईंचं रोज तेच चालायचं."

कोंडीरामनं नळ बंद केला. दिवसाला बारा भाकऱ्या, चौतीस वर्षं. दर भाकरीला चटका आणि दर भाकरीला तो निरोप. आणि आपण पाहुण्यांसमोर तिचे हात मेलेले म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तवा ठेवला. बोटं घातली. हात निघू पाहत होता. "थांब," तो मोठ्यानं म्हणाला. भाकरी उलटली. कड फाटली, एक बाजू करपली, पण तव्यावरच राहिली. ती ताटात ठेवून त्यानं फोटोसमोर हात जोडले. "चुकलो गं," एवढंच म्हणाला.

उत्कर्षानं मलम पुढे केलं. "लावा आता."

"राहू दे," कोंडीराम पिठाला हात घालत म्हणाला. "एकीत कसली फुशारकी? अजून अकरा व्हायच्यात."