चौथी सुरी

हरिदास लोहाराने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी काढली आणि ती बघायच्या आधीच अनंतराव गुल्हाने यांनी नाक मुरडलं. रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं लोखंड तपासलेला माणूस. रायपुरात आपल्याइतकं पातं कोणाला कळत नाही, ही त्यांची पक्की खात्री. चौबे कॉलोनीतले शेजारी म्हणजे त्यांच्या लेखी अडाण्यांचा बाजार. साडूचा मुलगा पराग शंकर नगरच्या ऑफिसात कॉम्प्युटर बडवायचा, म्हणजे तिथे तर आनंदीआनंदच.

टेबलावर आधीच तीन सुऱ्या मांडल्या होत्या, तिन्ही कमरेला लावायच्या. पुढच्या रविवारी गावातल्या मराठी मंडळात अनंतराव त्या दाखवून, चालवून व्याख्यान देणार होते. परागनेच परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिथेच घोडं अडलं होतं. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. तोंड वाचलं, पाय वाचला, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. 'हे नागपूरला लग्नाला गेलेत,' असं त्यांच्या बायकोने, इंदूताईंनी, महिनाभर सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून उजवा हात झब्ब्याच्या खिशात राहायचा आणि लोक त्याला रुबाब समजायचे. कीव करायचं काम अनंतरावांनी जन्मभर स्वतःकडे ठेवलं होतं. ती कोणी आपली करावी, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटायचा.

"काढ ती पहिली," ते परागवर खेकसले. "पात्याले बोट लावू नको. म्यान धर, म्यान!"

दुसऱ्यावर खेकसलं की आपल्याला म्यानातून सुरी काढावी लागत नाही, ही युक्ती त्यांना साधली होती.

"ही फिनलंडची. म्यान पाहा, अर्धी मूठ गिळते. बटण नाही, बंद नाही, तरी पडत नाही. आपल्या लोकांची बटण लावून पँट राहात नाही. ही कूर्गची, चांदीच्या साखळीची. नवरदेवानं मिरवायची, धार कमी अन् चांदी जास्त. ही नेपाळची लहान खुकरी. म्यानाच्या पाठीशी आणखी दोन बारक्या सुऱ्या. एकीवर भरोसा नसंल त्यायले." मग त्यांनी हरिदासकडे हनुवटी उडवली. "अन् आता आमचा हा कारागीर."

पंधरा दिवसांपूर्वी गोल बाजारामागे हरिदासच्या भात्यापाशी जाऊन, फिनलंडच्या सुरीची हुबेहूब नक्कल कर, असं ते सांगून आले होते. तिथून परतल्यावर इंदूताईंजवळ त्यांनी त्याचे वाभाडेही काढले होते. चहाचा ग्लास आधी उजवीकडे ठेवला, मग उचलून डावीकडे नेऊन ठेवला. पाहुण्याला ग्लास कुठे ठेवावा, एवढीही अक्कल नाही.

परागने चौथी सुरी काढली. ट्रकच्या कमानपट्टीचं पातं, शिवणाच्या लाकडाचं म्यान.

"काका, ये तो हातात बसतच नाही," तो म्हणाला.

"काहून बसंल? अंगठ्याचा खळगा उलट्या बाजूले. धार एकाच अंगानं घासली, तेही उलटं. अन् म्यानाले पट्टा ओवायला जागाच नाही! हा काय, बादली अडकवायचा आकडा लावला का रे? नक्कल करता येत नाही अन् म्हणे कारागीर!"

पराग हसला. हरिदासची नजर एकदा, फक्त एकदा, अनंतरावांच्या खिशाकडे गेली आणि खाली वळली.

"हव साहेब," तो म्हणाला. "गलती होगे. उल्टा बन गे."

तो सुरी परत कागदात गुंडाळू लागला.

अनंतरावांना तो ग्लास आठवला. पट्टा ओवायला दोन हात लागतात. आकडा एका हाताने अडकतो. या माणसाला पहिल्याच दिवशी सगळं दिसलं होतं, आणि आता परागसमोर तो स्वतःला गाढव म्हणवून घेत होता. कीव केली असती तर अनंतरावांनी त्याला हाकलून दिलं असतं. त्याने कीव केली नव्हती, नुसतं माप घेतलं होतं. आता तो सुरी घेऊन दारापर्यंत पोचला होता.

"थांब," अनंतराव ओरडले. "आण इकडं."

त्यांनी डाव्या हाताने आकडा कमरेला लेंग्याच्या नाड्यात अडकवला. मूठ धरली. अंगठा खळग्यात बसला आणि पातं अलगद बाहेर आलं. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला, ताटलीतल्या पेरूवर तो तसाच, ताठ बोटांनी दाबून ठेवला आणि डाव्या हाताने पेरू चिरला.

"काका, तुमचा हाथ..." परागचा चेहरा उतरला.

"गेला. दिवाळीपासून. दर रविवारी इथं बसून पोहे खाऊन राहिला तू, तुले दिसला नाही. याले चहा देता देता दिसला." त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा ते आणखी जोरात बोलले. "मंडळात चारही नेऊ. त्या तीन तू काढ. ही मी काढीन."

मग हरिदासपुढे त्यांनी ताटली सरकवली.

"गलती तुझी नाही," ते म्हणाले. "बस. पेरू खा."