बिजागरीतली तार

करडी गावची रुचिता माझ्या पितळी भांड्यांच्या दुकानात शिरली तेव्हाच माझं डोकं तडकलं. एवढ्याशा डबीसाठी तिने मार्चमध्ये मला चकरा मारून मारून छळलं होतं. डबी पितळेचीच हवी, लोखंडाचा कणही नको. नागपूरच्या प्रयोगशाळेत त्या डबीत ती केसाहून कितीतरी पातळ चुंबकी पापुद्रे ठेवणार होती. त्यांतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी पालटली की निघणाऱ्या उजेडाचा पीळ पालटतो आणि उष्णतेची वाट बंद-चालू होते, असं काहीतरी तिने समजावलं होतं. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं, आणि ही पोरगी माझ्यापुढे हुशारी मिरवते याचाच राग आला होता.

आज तिने तीच डबी माझ्यापुढे आपटली.

"काका, बिजागरीत लोखंडाची तार हाये. तिच्या ओढीनं सहा महिने उजेड एकाच बाजूचा पीळ दाखवून राहिला. सर म्हणतात, मी आकडे मनानं भरले."

"मंग तूच घातली असशील तार."

"सरही तेच म्हणून राहिले, खोटे आकडे झाकाले मीच मागून घातली म्हणे. बनवणाऱ्यानं सांगितलं तरच मानतो म्हणतात. नाही तं माझं पीएचडीचं काम आजच बंद."

तार मीच घातली होती. पितळेची संपली होती, लग्नसराईची घाई होती, आणि बिजागरीच्या पोटात कोण पाहतं, असं वाटलं होतं. पण समोर टेकचंद बसला होता. देवळासाठी सांगितलेल्या दहा समया न्यायला आला होता. बाहेर पाटीवर 'शुद्ध पितळ' लिहिलेलं. त्याच्यादेखत मी या पोरीपुढे कबूल करायचं?

भंगारातून लोखंड वेचायचं चुंबक गल्ल्याजवळच पडलं होतं. तिने तिकडे बोट दाखवलं.

"तुमचंच चुंबक लावून पाहा."

"मायाच दुकानात मले शिकवतेस काय?"

तिने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून तिच्या सरांनी विचारलं, "डबीत कुठे लोखंड वापरलंत का?"

"नाही," मी म्हणालो. "तीन पिढ्यांत कधी नाही."

"ठीक आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रुचिता रडली नाही, भांडलीही नाही. डबी पिशवीत टाकली, "खोटं बोलला तुमी," एवढंच म्हणाली आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागली. मला तिचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. तरी मी हाक मारली नाही.

टेकचंद ती गेली त्या बाजूला पाहत राहिला. मग त्याने एक समई पुढे ओढली.

"जागेश्वर, चुंबक लाव इले."

"शुद्ध हाये, टेकचंदभाऊ."

"लाव ना."

मी लावलं. चिकटलं नाही. समई अगदी बुडापर्यंत खरोखरच शुद्ध होती.

टेकचंदने ती आडवी केली आणि तिचं बूड माझ्याकडे फिरवलं.

"आता इकडून लाव."