वहिनीचा आवाज

धाकट्या भावाकडे हेवा वाटावा असं काहीच नाही, अशी मोठ्या डॉक्टरांची पक्की खात्री होती. सर्जरी त्यांनीच त्याला शिकवली. टाका घालताना त्याचा हात थरथरायचा तेव्हा मनगट यांनीच धरलं होतं. आता दोघे एकाच हॉस्पिटलात शेजारशेजारच्या ऑपरेशन थिएटरांत काम करायचे. स्टाफ त्यांना मोठे सर आणि धाकटे सर म्हणायचा. कोण वरचढ, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

माशी शिंकली ती बायकोवरून.

बायको भूलतज्ज्ञ. लग्नाआधीपासून ती यांच्याच पेशंटना भूल द्यायची. नव्या वेळापत्रकात तिचे निम्मे दिवस धाकट्याकडे गेले, आणि त्या दिवसांत ती हसत घरी यायला लागली.

"आज काय झालं माहितीये?" जेवताना ती म्हणाली. "भाऊजी सुरू करणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांबा, श्वासाची नळी नीट बसलेली नाही. तर म्हणाले, 'वहिनी, तुम्ही होतात म्हणून वाचलो.' आणि शाळेत उभं केल्यासारखे हात बांधून उभे राहिले!"

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"हसण्यासारखं नाही हो. बरं वाटलं, इतकंच."

म्हणजे माझ्याकडे इतकी वर्षं वाईट वाटत होतं की काय? असं त्यांच्या मनात आलं. घोटभर पाणी प्यायले आणि ताटावरून उठले.

तेव्हापासून तिचा फोन वाजला की यांचे कान टवकारायचे. "वहिनी, उद्याच्या आजींना भूल झेपेल ना? तुम्ही नको म्हणालात तर पुढे ढकलतो," असं धाकटा विचारायचा आणि ती सोफ्यावर पाय वर घेऊन ऐसपैस बोलत बसायची. मोठ्या डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाऊ आणि बायको यांच्यात काही वेडंवाकडं असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. आलं असतं तर सोपं गेलं असतं. संतापायला कारण तरी मिळालं असतं.

एका दुपारी स्वतःचं काम लवकर आटपलं म्हणून ते धाकट्याच्या थिएटरच्या दारातल्या काचेतून आत डोकावले. हत्यारं हातात द्यायला सिस्टर उभी होती. यांच्याकडे ती मान खाली घालून काम करायची, पंचवीस वेळा विचारलं तरी "हो सर" यापलीकडे शब्द नाही. ती आज म्हणत होती, "सर, बाजू एकदा बघता का? मला एक्स-रेमध्ये डावी वाटतेय."

धाकटा थांबला. सगळ्यांनी एक्स-रे पाहिला. बाजू बरोबर होती. चुकली होती ती सिस्टरच.

"आपलं बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "पण विचारलंत ते छान केलंत. शंका आली की असंच अडवायचं मला."

मास्कच्या वर बायकोचे डोळे हसत होते. आपल्या थिएटरमध्ये ते तसे हसलेले कधी पाहिले, हे मोठ्या डॉक्टरांना आठवेना.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे एका शिक्षिकेचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. गॅस भरून पोट फुगवायचं, बारीक छिद्रांतून दुर्बीण घालायची. काम अगदी हातातलं. धाकट्याच्या निम्म्या वेळात उरकून दाखवायचं, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. गॅस भरायला लागला.

"सर, गॅसच्या दाबाने पल्स खाली येतोय," बायको म्हणाली. थिएटरमध्ये ती त्यांना सर म्हणायची.

"हं."

"जरा थांबू या का?"

"हे लाड तुझ्या भाऊजींकडे. इथे मला काम करू दे."

सिस्टरची मान खाली गेली. मग कुणीच बोललं नाही. मॉनिटरचे ठोके लांब लांब पडत गेले. डॉक्टरांना ते ऐकू येत होते. पण आता थांबायचं म्हणजे सगळ्यांसमोर तिचं खरं ठरायचं. ते थांबले नाहीत.

"गॅस सोडा!" बायको किंचाळली. तिचा हात इंजेक्शनकडे गेला होता. डॉक्टर नुसते उभे. सिस्टरनेच त्यांच्या हाताखालून हात घालून गॅस सोडला. ठोके बंद पडले होते. बायकोने छाती दाबायला सुरुवात केली, आणि फार लांबलेल्या काही क्षणांनी मॉनिटर पुन्हा बोलू लागला.

शिक्षिकेला अतिदक्षता विभागात हलवल्यावर डॉक्टरांनी बायकोला कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलं.

"आधीच का ओरडली नाहीस?"

"ओरडावं का लागतं मला? भाऊजींना पुटपुटले तरी ऐकू जातं."

"त्याच्याकडे तू हसतेसही."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

"बाई मरता मरता वाचली आणि तुम्ही माझं हसणं मोजताय?" तिचे डोळे भरून आले. "यापुढे मी तुमच्याकडे भूल द्यायला येणार नाही. इथे मला आवाजच फुटत नाही."

डॉक्टर तसेच तिथून निघाले. मग शिक्षिकेच्या नवऱ्याकडे गेले आणि त्याला खाली बसवून म्हणाले, "मला वेळेवर सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." ती आता शुद्धीवर आहे का, एवढंच नवरा विचारत राहिला. उत्तर मिळाल्यावर मात्र म्हणाला, "पुढचं ऑपरेशन तुम्ही करू नका."

ते राहिलेलं ऑपरेशन काही दिवसांनी धाकट्याने केलं. मदतीला मी उभा राहतो, असं मोठे डॉक्टर आपण होऊन म्हणाले. धाकट्याचा आधी विश्वासच बसला नाही. "दादा, पेशंट हो म्हणत असेल तरच," तो म्हणाला. शिक्षिकेने थोडा विचार करून होकार दिला.

त्या दिवशी सुरी उचलण्याआधी धाकटा नेहमीप्रमाणे म्हणाला, "वहिनी, बोला."

ती बोलली. कुठे धोका आहे, काय दिसलं तर कुणी कुणाला थांबवायचं, सगळं सांगितलं, अगदी मोकळ्या आवाजात. हा आवाज मोठ्या डॉक्टरांच्या घरातला होता आणि ते तो भावाच्या थिएटरमध्ये पाहुण्यासारखे ऐकत होते.

काम निम्म्यावर आलं असताना बायको म्हणाली, "सर, तुमचं कोपर पेशंटच्या हातावर टेकतंय."

सिस्टर थिजली. धाकट्याचे हात थांबले. मोठ्या डॉक्टरांचा जुना राग उसळला.

त्यांनी कोपर उचललं. "थँक यू," ते म्हणाले.

ती हसली नाही; नजर परत मॉनिटरकडे वळवली. पण त्यांना सांगताना तिला आवाज फुटला होता.