नऊ मिळवले तरी

"दोनशे सात!" श्रीपाद साठ्ये पोह्यांची बशी बाजूला सारत म्हणाले. "दोन, शून्य, सात. बेरीज नऊ! कुमुद, आपलं नशीब उघडलं."

कुमुदिनीबाईंनी मुलाच्या, साकेतच्या बशीत पोहे वाढायचं काही थांबवलं नाही. नवऱ्याचं नशीब वर्षभरात बऱ्याचदा उघडलं होतं. फोनचा नंबर बदलला तेव्हा, मारुती गाडीला निवडून घेतलेला नंबर लागला तेव्हा, आणि साकेतने आपल्या नावात इंग्रजी 'ए' हे अक्षर एक जादा घुसडलं तेव्हाही. उघडून आतून काय निघालं, ते मात्र कुणाला दिसलं नव्हतं.

"दोनशे सात कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"पोंक्ष्यांचा. आपला सातशे चार त्यांना द्यायचा, त्यांचा आपण घ्यायचा. ते तयार आहेत. सोसायटीत अर्ज दिला की झालं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तेव्हा तुझी सही लागेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोएडात मराठी सरकारी नोकरांनी मिळून बांधलेल्या त्या सोसायटीची सोडत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलात झाली होती, आणि चिठ्ठी निघाली ती सातशे चारची. तीस वर्षं दिल्लीतल्या शाळेत गणित शिकवलेल्या बाईंनी तिथेच हिशोब केला होता. सात आणि चार अकरा, मधलं शून्य वजा, म्हणजे अकराने भाग जातो. निम्मे निम्मे करत गेलं तर तीनशे बावन्न, एकशे शहात्तर, अठ्ठ्याऐंशी असं उतरत शेवटी अकराच उरतात. चांगल्या घडणीचं भांडं हाताला जसं बरं लागतं, तसा तो आकडा त्यांना बरा वाटला होता. त्याने भलं होईल असं त्यांच्या मनात आलं नाही. भलं होणार होतं ते बाल्कनीने. सातवा मजला, समोर मोकळं रान आणि अंगावर येणारा वारा. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरात आयुष्य गेलं, आणि तिथली एकुलती एक मोठी खिडकी उघडत होती शेजाऱ्यांच्या मोरीवर.

दोनशे सातची बाल्कनी जनरेटरवर उघडत होती. नोएडात वीज नसली की तो सुरू होणार, आणि नोएडात वीज नसायचीच. पोंक्षे एका पायावर का तयार झाले, हे कळायला अंकशास्त्र लागत नव्हतं.

"आई, रिलॅक्स यार," साकेत म्हणाला. "बाबांचा बिलीफ आहे ना. फ्लॅट तर फ्लॅटच आहे. क्या फर्क पडता है?"

"तू आधी स्वतःचं नाव नीट लिही," बाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "सहीचं नंतर बघू. मला तुमच्या त्या अंकशास्त्रवाल्याकडे घेऊन चला."

श्रीपादरावांना आनंद झाला. बायको मार्गावर येते आहे, असं त्यांना वाटलं. त्या अंकशास्त्रवाल्याची नवऱ्यासमोर सालपटं काढायची, हे बाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

सेक्टर अठराच्या बाजारात मिठाईच्या दुकानावर गुप्ताजींचं ऑफिस होतं. एसी, उदबत्ती आणि टॉवेलखाली झाकलेला कॉम्प्युटर. बाहेरच्या सोफ्यावर एक बिल्डर, एक कपडे एक्स्पोर्ट करणारा आणि लग्न ठरत नसलेल्या मुलीचे आईबाप. नव्या पैशाने माणसं इंग्रजी बोलायला लागली, गाड्या फिरवायला लागली, पण दोन आकड्यांची बेरीज करायला त्यांना अजून दुसरा माणूस लागत होता. बाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि नाक मुरडलं. नापास होणारा वर्ग त्यांना दारातूनच ओळखता यायचा.

"नौ का पहाड़ा बोलिए," खुर्चीत बसताच त्या गुप्ताजींना म्हणाल्या.

गुप्ताजी हसले आणि त्यांनी पाढा म्हटला. बाईंनी कागद ओढून अठरा, सत्तावीस, छत्तीस असे आकडे खाली खाली मांडले आणि प्रत्येकाची बेरीज नऊ येते ते दाखवलं. मग मराठी वळणाच्या हिंदीत समजावलं. दहाला नऊने भागलं तर बाकी एक उरते. शंभराला भागलं तरी एकच उरते. म्हणून आकड्यांची बेरीज करत जाणं म्हणजे नऊने भागून बाकी काढणं. दोनशे सातला नऊने पूर्ण भाग जातो, बाकी शून्य. "आप जिसको नौ बोलते हैं ना, वो ज़ीरो है. बस. पाँचवीं के बच्चे को आता है."

गुप्ताजींनी दोन्ही हात जोडले, उठून दार उघडलं आणि बाहेर हाक दिली, "अरे सुनिए, अंदर आइए! मैडम मैथ्स की टीचर हैं. साइंस से प्रूव कर दिया इन्होंने!"

बिल्डर आत आला. एक्स्पोर्टवाला आला. मुलीच्या आईने कागद हातात घेऊन कपाळाला लावला आणि मॅडम स्वतः पत्रिका बघतात का, असं विचारलं. श्रीपादराव तर फुलून गेले होते. "तीस वर्षं शिकवलंय हिने," ते ज्याला त्याला सांगत होते. बाईंनी कपाळाला हात लावला. या लोकांना चूक दाखवली, तर ते त्या चुकीचीच पूजा करणार होते.

पण हट्ट त्यांचाही कमी नव्हता. "ठीक है," त्या म्हणाल्या. "इनका जन्म चौदह तारीख का है. एक और चार, पाँच. पाँच में नौ मिलाओ, फिर चौदह. फिर पाँच! नऊ कशातही मिळवा, काही म्हणजे काही बदलत नाही. मग नऊच्या घरात जाऊन यांचं काय होणार आहे?"

"मैडम की तारीख?" गुप्ताजींनी मऊ आवाजात विचारलं.

"सत्ताईस," श्रीपादरावांनी सांगून टाकलं.

"नौ!" गुप्ताजींनी टेबलावर हात मारला. "देखिए साहब. मैडम ने खुद ही बता दिया. इनके आने से आपका कुछ बदला? नहीं. जैसे थे, वैसे के वैसे. ऐसी पत्नी किस्मत से मिलती है."

"बिलकुल!" श्रीपादराव मनापासून म्हणाले. बायकोकडे इतक्या कौतुकाने त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "हिने माझ्यात काहीसुद्धा बदल केला नाही. कधीच नाही."

सगळे हसले. बाईंना हसताही येईना आणि चिडताही येईना. गुप्ताजी मूर्ख होते, याबद्दल त्यांना तेव्हाही शंका नव्हती. पण गणित बरोबर होतं, आणि ते त्यांनीच मांडलं होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा हा माणूस जे जेवायचा, ज्या कुशीवर झोपायचा, जे एकदा म्हणून ठेवायचा, ते सगळं आजही तसंच होतं. त्या मिळवल्या गेल्या होत्या आणि हिशोब जागचा हलला नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं, आणि या लोकांदेखत वाटलं याचा राग आला.

घरी आल्यावर श्रीपादरावांनी अर्ज आणि पेन पुढे केलं.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"अगं, पण तूच तर आत्ता तिथे…"

"नाही करणार. एकट्याने जायचं असेल तर जा दोनशे सातात. मी सातशे चारात राहणार आहे."

श्रीपादरावांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग जेवण टाकलं. साकेतने मध्ये पडून पाहिलं. पोंक्षे काजूकतलीचा डबा घेऊन आले आणि डबा तसाच ठेवून गेले. बाई बधल्या नाहीत. शेवटी श्रीपादरावांनी हात टेकले, पण तोंडाने काही कबूल केलं नाही.

मे महिन्यात ते सातशे चारात राहायला गेले. श्रीपादरावांचे गुडघे दुखू लागले ते सातशे चारमुळे, दूध नासलं ते सातशे चारमुळे, आणि साकेतची गुडगावला बदली झाली तीही त्याचमुळे. बाल्कनीत त्यांनी पाऊल म्हणून टाकलं नाही.

एका संध्याकाळी वीज गेली. जनरेटरही नादुरुस्त निघाला. बिल्डिंगमधली यच्चयावत माणसं बाल्कनीत येऊन उभी राहिली. बाईंनी दोन वेताच्या खुर्च्या बाहेर मांडल्या आणि आत हाक मारली, "अहो, बाहेर या ना. छान वारा सुटलाय."

"नको. बरा आहे मी इथे." आतून वर्तमानपत्राने वारा घेतल्याचा फडफडाट ऐकू येत होता.

"घामाने भिजला असाल."

"भिजू दे."

पुन्हा हाक मारावी असं एकदा बाईंच्या मनात आलं. रानावरून आलेला वारा त्यांच्या पदरात शिरला. त्यांनी दुसरी खुर्ची जवळ ओढली, आणि तिच्यावर पाय पसरून बसल्या.