गड्ड्याला जायचा बेत

सोलापूरच्या होम मैदानापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहूनही वच्छलाने सात वर्षांत गड्डा पाहिला होता तो गच्चीवरून, आणि तोही अर्धाच. संक्रांतीला सिद्धेश्वराची ही गड्ड्याची जत्रा भरली की मैदानावर मोठा पाळणा उभा राहायचा. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या भाड्याच्या घरावरून त्याचा वरचा भाग दिसायचा. माणसं वर यायची, किंचाळायची आणि समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पत्र्याआड गडप व्हायची. लग्न ठरवताना सासरच्यांनी माढ्याला येऊन तिच्या वडिलांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की पोरगी घरबसल्या गड्डा बघेल. शब्दाला जागले बिचारे. पोरीला घरीच बसवलं.

त्याचं असं होतं, की गड्डा सोलापूरचा असला तरी त्या दिवसांत वच्छलाचं घर करकंबचं असायचं. तिचा नवरा मानसिंग मूळचा त्या गावचा. सोलापुरात सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटला, तेव्हापासून करकंबच्या भावकीने शहरात आपली धर्मशाळा निघाली असंच धरलं होतं. भोगीच्या दिवशी एस.टी.तून त्याची आत्या मथुराबाई उतरायची आणि तिच्यामागे चौदा माणसं. ती चार दिवस गड्डा बघून गेली की पुढची तुकडी हजर. वच्छला पंधरा दिवस चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि आलेले लोक रात्री जेवताना तिला पाळण्याचं वर्णन ऐकवायचे. वरून भुईकोट किल्ला दिसतो म्हणे. तळं दिसतं म्हणे.

मागच्या वर्षी शेवटची तुकडी स्टँडवर पोचवून ती चार वर्षांच्या सोजरला घेऊन धावतपळत मैदानात गेली होती. पाळणेवाले पाळणा उतरवत होते. एका माणसाला पोरीची दया आली. त्याने सोडवून जमिनीवर ठेवलेल्या एका पाळण्यात तिला दोन मिनिटं बसू दिलं. सोजरने दांडी घट्ट धरली, डोळे मिटले आणि वाट पाहिली. घरी आल्यावर ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "मी पाळण्यात बसले. पण तो गेलाच न्हाय." वच्छलाला हे वर्षभर ऐकावं लागलं. प्रत्येक वेळी ती पोरीला एकच सांगायची, पुढच्या वर्षी जाईल.

ते पुढचं वर्ष म्हणजे शहात्तर साल. जानेवारी लागला आणि मानसिंगने बेत आखायला घेतला. कचेरीत त्याच्या हातून एक कागद चार महिन्यांत हलायचा नाही, पण घरचा कागद तो कार्बन घालून दोन प्रतींत करायचा. "शुक्रवार, सायंकाळी पाच दहा, घरातून प्रस्थान. पाच पंचवीस, मोठा पाळणा. पाच चाळीस, भेळ, तिखट वर्ज्य. पाच पंचावन्न, सोजरची शू. सहा वाजता मौत का कुआँ, बाहेरूनच."

वच्छलाने कागद वाचला आणि विचारलं, "ह्यात करकंब कुटं हाय?"

मानसिंगने पेन तोंडात धरलं. करकंबला येऊ नका म्हणणं त्याच्या बापजन्मात कुणाला जमलेलं नव्हतं. "बदलीचं कळवू? न्हायतर घरात दुरुस्ती काढली म्हणू?"

"दुरुस्ती म्हणलं तर समदी पाट्या घिऊन मदतीला येतील," वच्छला म्हणाली. आणि मग तिला ते सुचलं. "सोजरच्या अंगावर बाया आल्यात म्हणून लिवा."

गोवर, कांजिण्या, देवी, काहीही अंगावर उठलं की बाया आल्या म्हणायचं. दाराला कडुलिंबाची डहाळी लावायची, घरात फोडणी द्यायची नाही आणि पाहुण्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. हा रिवाज करकंबची माणसं एस.टी.च्या वेळेपेक्षा कडक पाळत. मानसिंगने "सोजर हिच्या अंगी फोड दिसून आले असल्याने" असं कचेरी भाषेतलं कार्ड शनिवारी टाकलं. भोगीला वच्छलाने दाराला लिंब बांधला. तिने देव्हाऱ्यापुढे हळदीकुंकू वाहिलं आणि सांगून टाकलं, "आई, चार दिस तुजं नाव वापरते. पोरीसाठीच. रागावू नगंस."

आणि काय सांगावं, करकंबचं एक माणूस फिरकलं नाही. संक्रांतीला तिघांनी तिघांपुरतं जेवण केलं. वच्छला दुपारी चक्क झोपली. असली चैन तिला बाळंतपणातही मिळाली नव्हती.

गुरुवारी थंडी वाढली. तिने माळ्यावरून मथुराबाईची वाकळ काढली आणि सोजरवर घातली. आत्याबाई ती दरवर्षी इथेच ठेवून जायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी ओझं नको. शुक्रवारी सकाळी पोरगी उठली ती खाजवतच. पोटावर, पाठीवर लाल लाल गांधी. देवीने नाव वापरायला दिलं आणि भाडं लगेच वसूल केलं, असंच वच्छलाला वाटलं. तिने वाकळ झटकली, तेव्हा शिवणीतून एक जाडजूड ढेकूण सावकाश चालत बाहेर आला. वच्छला खाली बसली आणि रडावं की हसावं ते न कळून दोन्ही करून घेतलं.

दुपारी चारला सोजर नवा झगा घालून, दोन वेण्या घालून तयार होती. पाच दहाला अजून तास होता. तेवढ्यात दारात जीप थांबली.

जीपमधून एक डॉक्टर उतरला, एक लस टोचणारा उतरला आणि हरिबा नावाचा खाकी कपड्यांतला पहारेकरी उतरला. त्यांच्यामागे धुतलेलं धोतर नेसून शेजारचा शरणप्पा उभा होता. हा कापड गिरणीतून निवृत्त झालेला माणूस दिवसभर कट्ट्यावर बसून भिंती वाचायचा. आणि त्या दिवसांत गावोगावच्या भिंतींवर सरकारने रंगवलं होतं, की देवीचा रोगी दाखवा आणि हजार रुपये घ्या. देवी देशातून गेल्यात जमा होती, एखादी राहिली असेल तर तिला हुडकून काढायला सरकार टपलेलं होतं. शरणप्पाने भिंत वाचली, मग दार वाचलं आणि दोन्हींची बेरीज केली.

"लिंब चार दिस झालं हाय की," तो डॉक्टरला म्हणाला. "आमी सोता बघितलंय."

मानसिंगने खुलासा करायला तोंड उघडलं, पण सरकारी माणूस समोर आला की त्याला अर्ज लिहिल्याशिवाय बोलता येत नसे. डॉक्टरने सोजरला जवळ घेतलं. तिला आठवडाभर पढवून ठेवलं होतं, की कुणी विचारलंच तर काय सांगायचं. पोरीने ते मन लावून पाठ केलं होतं.

"ताप येतो का बाळ?"

"व्हय. लई."

"काय होतंय?"

"आग हुतीय. आन जेवण जात न्हाय," सोजर म्हणाली आणि हातातला तिळाचा लाडू तोंडात टाकला.

डॉक्टरने झगा वर केला. गांधी बघितल्या, भिंग लावून पुन्हा बघितल्या, डोकं खाजवलं. "देवी वाटत नाही. पण ताप येतो-जातो म्हणते. उद्या दुपारी पुन्हा बघू. तोवर घरातून कुणी बाहेर जायचं नाही."

"सायेब, ढेकणं हायेत ती," वच्छला म्हणाली.

"मग लिंब कशाला लावला?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते सरकारला सांगण्याजोगं नव्हतं. हरिबा दारात स्टूल टाकून बसला. टोचणाऱ्याने गल्लीतल्या अडतीस माणसांना धरून टोचलं, पहिला मान शरणप्पाला दिला. पाच वाजून दहा मिनिटांनी मानसिंगने घड्याळ बघितलं आणि कागदावर प्रस्थानापुढे 'तहकूब' असं लिहिलं. सोजरने विचारलं, "आता जायचं?" मैदानावरचा कर्णा ऐकू येत होता. पोरगी रडली नाही. दाराकडे तोंड करून, झगा नीट पसरून बसून राहिली, आणि ते वच्छलाला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

साडेपाचला दारात आवाज आला. "सर बाजूला."

मथुराबाई होती. एकटीच. हातात दहीभाताचं गाडगं आणि खणानारळाची पिशवी.

"आजीबाई, आत गेलात तर भाईर येता येणार न्हाय," हरिबा म्हणाला.

"भाईर कुणाला यायचंय? आन मला काय भ्या दावतूस? माजं तोंड बघ की." तिच्या तोंडभर देवीचे वण होते. ती उंबरा ओलांडून आत आली. "कारड भोगीलाच मिळालं, समदी घरी बसली. पर मला ऱ्हावंना. काल समद्यांना म्हणले, तुमी येऊ नगासा, मला येऊन गेल्यात, मी जाते. दोन दिसांत माजा सांगावा आला न्हाय तर समदी या म्हणले." तिने सोजरला मांडीवर घेतलं, झगा वर केला आणि बघितलं. मग कोपऱ्यातली वाकळ बघितली.

"ही तर ढेकणं चावल्यात."

"व्हय आत्याबाई."

"माज्याच वाकळंतली. आन आजच चावलेली. कारड तर मागल्या हप्त्यातलं."

"व्हय."

मथुराबाईने सोजरच्या पाठीवरून हात फिरवला. "मी सात वर्साची हुते," ती म्हणाली. "घरात तिगांना आल्या. मी उरले. माजा धाकटा भाऊ लिंबाच्या पाल्यावरच गेला. कारड वाचून घेतलं तवाधरनं मला रातभर त्योच दिसतोय. आन तू पाव्हणं टाळाय त्या बाईचं नाव घेतलंस, वच्छला?"

मानसिंग मधे बोलायला गेला, तिने हातानेच बसवलं. वच्छलाला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन दुभंगत नाही हे तिला सात वर्षं भाकरी थापून कळलेलं होतं.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "पर खरं सांगते आत्याबाई. सात वर्सं तुमी समदी गड्डा बगताय आन मी तवा बगते. मला कुणी इचारलं न्हाय, तू येतीस का म्हणून. माजं जाऊ द्या. पोरगी मागल्या साली उतरवलेल्या पाळण्यात बसून आली. वर्सभर सांगतीय, पाळणा गेलाच न्हाय. मला तिला येकदा वर न्यायचं हुतं. येवडंच."

मथुराबाईने सोजरचा झगा खाली ओढून नीट केला. "वर्नं काय दिसतं गं?" तिने विचारलं.

"तुमीच सांगता की. किल्ला, तळं."

"मी कुटं बसले? त्ये पोरं सांगत्यात." तिचा आवाज एकदम लहान झाला. "तीस वर्सं येतीय गड्ड्याला. चौदा जणं वर जात्यात आन चौदा जणांची पायताणं खाली ऱ्हात्यात. ती कुणी राखायची? मी पाळण्याखाली बसती पायताणं घिऊन. येक डाव रावजीचा नवा जोड गेला तर दोन वर्सं बोलत हुता मला."

सात वर्षं जिच्या नावाने बोटं मोडली ती बाई पायताणांच्या ढिगापाशी बसून होती, हे वच्छलाच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिने दहीभाताचं गाडगं उघडलं आणि चौघांना वाढलं. हरिबालाही एक वाटी दिली, कारण तोही बिचारा गड्डा सोडून दारात बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आला. वच्छलाने त्याच्यापुढे कागदाच्या पुडीत सहा ढेकूण ठेवले. त्याने ते मोजले नाहीत. सोजरला थर्मामीटर लावला, हसला आणि पहारा उठवला. शरणप्पा सुजलेला दंड धरून कट्ट्यावर बसला होता. "सायेब, हजार न्हाय तर न्हाय," तो म्हणाला, "दंडाला काय तरी औषध द्या की."

पाच दहाला चौघं निघाली. मानसिंगने कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर फक्त वार बदलला होता. पाळण्यापाशी तो चप्पल काढून सगळ्यांच्या पुढे चढायला लागला, तेव्हा मथुराबाईने त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली घेतलं. "तू बस हितं. पायताणं राख." आपल्या वहाणा, वच्छलाच्या चपला आणि सोजरचे सँडल तिने त्याच्या हातात दिले. सरकारी कारकून धुळीत उकिडवा बसला. वेळेचा कागद त्याच्या खिशात होता, पण हात मोकळे नव्हते.

पाळणा हलला. सोजरने दांडी धरली, डोळे मिटले, आणि मग तिला कळलं की ह्या वेळी तो जातोय. तिने डोळे उघडले. "जातोय, आये," ती हळूच म्हणाली. "खरंच जातोय." मथुराबाईने एका हाताने नातीला आणि दुसऱ्या हाताने वच्छलाचा दंड घट्ट धरला होता. नेमका टोचलेला दंड, पण वच्छलाने तो सोडवला नाही.

अगदी वर गेल्यावर पाळणा थांबला, कारण खाली माणसं चढत होती. किल्ला दिसला, तळं दिसलं, पत्र्यापलीकडे त्यांची गच्चीही दिसली. आणि स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर वच्छलाला एक घोळका दिसला. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, पुढे रावजीचा फेटा. तिने सवयीने मोजली. चौदा. दोन दिवस झाले होते आणि आत्याबाईंचा सांगावा गेला नव्हता. म्हणजे चौदा जणांच्या भाकरी, आज रात्री.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आपली माणसं आली."

मथुराबाईने रस्त्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग पदर नीट केला आणि तोंड तळ्याकडे फिरवलं.

"मला काय दिसत न्हाय हितनं," ती म्हणाली. "थांबलाय तवर थांबू दे की."